पोटासाठी काढलेली चित्रं

परवा वर्गात बी.कॉम.च्या एका मुलाची वही मी काढून घेतली. मागच्या पानांवर ताळेबंद नव्हता, यंत्र होतं. कपभर चहा ढवळायला सात कप्प्या, सायकलची दोन चाकं आणि एक घंगाळ! दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. "सर, ह्याला जरा सांगा की. चित्रं काढून पोट भरतंय काय?"

मला विल्यम हीथ रॉबिन्सन आठवला.

हा १८७२ साली लंडनमध्ये जन्मला. घरात चित्रांचाच धंदा. वडील साप्ताहिकासाठी चित्रं काढत, थोरले दोघे भाऊ पुस्तकांसाठी. विल्यमला मात्र निसर्गचित्रकार व्हायचं होतं. रॉयल अकॅडमीच्या शाळेत तो शिकला, पण त्याची निसर्गचित्रं खपेनात. मग भावांच्या वाटेनं तोही पुस्तकांकडे वळला. १९०३ साली लग्न झालं. संसार नुकता मांडलेला, तोच १९०४च्या सुमारास, ज्याच्यासाठी तो मोठं काम करत होता त्या प्रकाशकाचं दिवाळं निघालं. मेहनतीचे पैसे बुडाले.

याला आपण पोटापाण्याचा प्रश्न म्हणतो, कानडीत 'होट्टेपाडु'. पोट दोन्ही भाषांत आहेच! रॉबिन्सननं साप्ताहिकांची दारं ठोठावली. 'द स्केच', 'द बायस्टँडर' अशा अंकांतून तो विनोदी चित्रं देऊ लागला. त्यातूनच त्याची यंत्रं जन्मली. गाठी मारलेल्या दोऱ्या, कप्प्या, आणि ती चालवणारी टकली, चष्मेवाली, कमालीची गंभीर माणसं. सोपं काम जितकं अवघड करता येईल तितकं करायचं! मराठीत याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. आमची सौ. माहेरची कानडी. हा शब्द ऐकला की ती अजून डोळे वटारते. असो.

पहिल्या महायुद्धात त्यानं जर्मन सैन्याची अशीच थट्टा केली. सैनिक पत्रं लिहून त्याला नव्या कल्पना कळवत. १९३४ साली लंडनच्या 'आयडियल होम' प्रदर्शनात त्याच्या करामतींनी भरलेलं एक घरच उभारलं होतं. अशा कुठल्याही खटाटोपी यंत्राला इंग्रजीत 'हीथ रॉबिन्सन' म्हणू लागले आणि त्याचं नाव शब्दकोशात जाऊन बसलं.

पुढची गोष्ट तर कमालीची. १९४३ साली ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडण्यासाठी एक यंत्र बनवलं. त्यात कप्प्यांवरून कागदी पट्ट्या भरधाव पळत. ते ध्यान पाहून त्याला नाव पडलं 'हीथ रॉबिन्सन'! त्याच कामासाठी पुढे 'कलोसस' हा प्रसिद्ध संगणक आला. सगळा मामला गुप्त होता. रॉबिन्सन सप्टेंबर १९४४मध्ये वारला.

निसर्गचित्रांचं काय झालं? ती तो आयुष्यभर काढत राहिला, जलरंगात, स्वतःच्या आनंदासाठी. जग मात्र त्याला ओळखतं ते पोटासाठी काढलेल्या चित्रांमुळे. २०१६ साली लंडनच्या पिनर भागात त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं.

त्या वडिलांना मी काय सांगितलं? चित्रांनी पोट भरतंच, असं छातीठोकपणे सांगायची माझी हिंमत झाली नाही. रॉबिन्सनलाही आधी ठेचाच लागल्या. एवढंच म्हणालो, "बी.कॉम. पुरं होऊ दे, पण वही बंद करायला सांगू नका." ते काही न बोलता उठले. पटलं की नाही, कळलं नाही.

वही अजून माझ्या टेबलावर आहे. सोमवारी ती परत करायची आहे. त्या घंगाळाचं काम काय, तेही त्याला विचारायचं आहे.