शाळेचा वार्षिक वृत्तान्त कोणी लिहावा?

एप्रिल महिना अर्धा सरला म्हणजे महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचे द्वितीय सत्र समाप्तीस येते. दहावीची मुले त्यापूर्वीच मंडळाची परीक्षा देऊन मोकळी झालेली असतात, खालच्या इयत्तांच्या वार्षिक परीक्षा उरकत आलेल्या असतात, शिक्षकवर्ग उत्तरपत्रिका तपासण्यात आणि निकालपत्रके भरण्यात गढून गेलेला असतो, आणि निकाल लागून प्रगतिपुस्तके मुलांच्या हाती पडली की शाळेच्या आयुष्यातील एक वर्ष दप्तरी जमा होते. त्या वर्षात शाळेत काय घडले, असे कोणी विचारले तर मात्र दाखवण्याजोगे फारसे काही उरत नाही. हजेरीपट असतो, निकालाचा गोषवारा असतो, कार्यक्रमांची छायाचित्रे असतात, मुख्याध्यापकांनी वाचलेला अहवाल असतो. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला त्या विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेली वर्षाची हकीकत तेवढी कोठे आढळत नाही. ती असली पाहिजे, आणि तीच शाळेच्या वार्षिक अहवालाचा मुख्य भाग मानली गेली पाहिजे, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

आपल्याकडे अहवाल ज्या प्रसंगी वाचला जातो तो प्रसंगच विचार करण्यासारखा आहे. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन भरते, त्याला जोडून पारितोषिक वितरण होते, ईशस्तवन आणि स्वागतगीत झाल्यावर मुख्याध्यापक अहवालवाचनास उभे राहतात. म्हणजे ज्या वर्षाचा वृत्तान्त सांगायचा ते वर्ष संपायला अजून तीन-चार महिन्यांचा अवधी असतो. त्या अहवालात गतवर्षीच्या शालान्त परीक्षेचा शेकडा निकाल येतो, शिष्यवृत्तीधारकांची आणि एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत श्रेणी मिळवणाऱ्यांची संख्या येते, तालुका व जिल्हा पातळीवरील क्रीडास्पर्धांतील यश येते, विज्ञान प्रदर्शनात निवड झालेल्या उपकरणाचा उल्लेख येतो आणि शेवटी देणगीदारांचा ऋणनिर्देश होतो. यांतील एकही गोष्ट अनावश्यक नाही. संस्थेच्या चालकांना, पालकांना आणि शिक्षण खात्याला हा तपशील मिळालाच पाहिजे. परंतु पटांगणात सतरंजीवर बसलेल्या शेकडो मुलांपैकी ज्यांना पदक मिळाले नाही, ज्यांची कोणत्याही स्पर्धेसाठी निवड झाली नाही, आणि जी तरीही वर्षभर नियमाने शाळेत आली, ती बहुसंख्य मुले त्या अहवालात कोठेच नसतात.

निकालाच्या टक्केवारीला हे स्थान एकाएकी प्राप्त झालेले नाही. १८५९ साली मुंबई विद्यापीठाने पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली आणि महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे विद्यार्थी तीत उत्तीर्ण झाले, तेव्हापासून शाळेची प्रतिष्ठा तिच्या शेवटच्या इयत्तेच्या निकालावर ठरू लागली. पुढे परीक्षेचा कारभार विद्यापीठाच्या हातून शालान्त परीक्षा मंडळाकडे गेला, १९६६ पासून तो राज्य मंडळ पाहू लागले, परंतु मापदंड तोच राहिला. त्या मापदंडाचे उपकार मी नाकारीत नाही. आडगावातल्या शाळेतील मुलाला पुण्या-मुंबईच्या मुलाशेजारी एकाच यादीत उभे करण्याचे सामर्थ्य त्याच्यात होते, आणि कित्येक कुटुंबांचे दैन्य त्या एका प्रमाणपत्राने फिटले. मात्र मुलाला अखेरच्या परीक्षेत किती आले एवढेच तो सांगतो. त्या इमारतीत त्याने घालवलेल्या वर्षांविषयी तो अक्षर बोलत नाही.

हे मौन किती गोष्टी पोटात घेते याचे एक उदाहरण देतो. मराठवाड्यातील आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या काही तालुक्यांतील ज्या शाळांत ऊसतोड कामगारांची मुले शिकतात, तेथे दिवाळीची सुट्टी संपून द्वितीय सत्र सुरू होते तेव्हा वर्गातले काही बाक रिकामे झालेले असतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होताच कोयत्याबरोबर आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघून जातात. काही मुले आजी-आजोबांपाशी मागे राहतात, काही गावच्या हंगामी वसतिगृहात जेवतात आणि शिकतात, आणि काहींना धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी आई-बापांबरोबर फडावर जावेच लागते. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होते. पाडव्याच्या सुमारास हंगाम संपून मूल परत आले तर ती खूण थांबते, आले नाही तर पट कमी झाल्याची नोंद होते, आणि सरकारी दृष्टीने विषय संपतो. परंतु त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला पुष्कळ माहीत असते. जाताना त्याने कोणती पुस्तके बरोबर नेली, फोनवरून अभ्यास कोण सांगत होते, परत आल्यावर बीजगणिताची चार प्रकरणे त्याला कोणी कोणत्या मधल्या सुट्टीत समजावून दिली, आणि आठवीपर्यंत पहिल्या बाकावर बसणारी एखादी मुलगी नववीत का दिसली नाही, हे सारे वर्गाला ठाऊक असते. त्या शाळेच्या त्या वर्षातली सर्वांत मोठी बातमी हीच असते. विज्ञान प्रदर्शनातील उपकरण ही दुसरी बातमी आहे.

ही बातमी लिहून ठेवण्याची रीत आपल्या शाळांना अपरिचित नव्हती. हस्तलिखित वार्षिकांची परंपरा महाराष्ट्रातील जुन्या माध्यमिक शाळांत दीर्घकाळ चालली. जाड कागद, टाकाने वळवलेली शीर्षके, चित्रकलेच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली रंगवलेले मुखपृष्ठ, अक्षर सुरेख असलेल्या दोघा-तिघांकडे सोपवलेले लेखन, आणि पुठ्ठ्याच्या बांधणीत सिद्ध झालेली एकच एक प्रत, असे त्याचे स्वरूप असे. त्या अंकांतील कविता बहुधा अनुकरणात्मक आणि निबंध पाठ्यपुस्तकी वळणाचे असत, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे खरे मोल असे ते मागच्या पानांत, जेथे सहलीचा वृत्तान्त, वक्तृत्वसभेच्या कामकाजाची हकीकत, वर्गमंत्र्याची निवडणूक, श्रमदानाने केलेला रस्ता, विहिरीचे पाणी आटल्यामुळे बंद पडलेली शाळेची बाग अशा गोष्टी मुले आपल्या डोळ्यांना दिसल्या तशा लिहून ठेवीत. एखाद्या गावचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला गॅझेटियरमध्ये जे सापडणार नाही ते त्या पानांत सापडण्याचा संभव आहे.

या संदर्भात अमळनेरचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. तेथील मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. दिवसभर वर्गात शिकवून, छात्रालयातल्या मुलांची सेवा-शुश्रूषा करून, जो वेळ उरे त्यात एका शिक्षकाने आपल्या मुलांसाठी रोज एक वृत्तपत्र हाताने लिहावे, ही घटना महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासात जेवढ्या ठळकपणे नोंदली जावी तेवढी ती नोंदली गेलेली नाही. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, आणि त्यांच्या नावाभोवती पुढे कारावास, ‘श्यामची आई’, पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी केलेले उपोषण अशी थोर प्रकरणे जमत गेल्याने ते हस्तलिखित दैनिक मागे पडले. मला मात्र त्यांच्यातल्या शिक्षकाची ओळख सर्वांत स्पष्टपणे त्या दैनिकातच होते असे वाटते. कारण छात्रालयातील लहानसहान गोष्टी लिहून ठेवण्याच्या योग्यतेच्या आहेत हे त्यांनी मुलांना उपदेशाने सांगितले नाही, रोज लिहून दाखवले. त्याच दशकात साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहात भिन्न जातींची मुले एकत्र राहून स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत होती; त्या वसतिगृहाचा नामकरण समारंभ १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाला. आज आपण ज्यांना ‘उपक्रम’ म्हणून वेगळे काढून वेळापत्रकाच्या कडेला बसवतो, त्या गोष्टी तेथे शिक्षणाचा गाभा होत्या.

अलीकडच्या धोरणांना हे कळले नाही असे मी म्हणणार नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २०१० च्या १ एप्रिलपासून अंमलात आला आणि त्याच्या अनुषंगाने आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने वर्णनात्मक नोंद करावी, त्याची आवड, छंद आणि प्रगती शब्दांत मांडावी, ही कल्पना उत्तम होती. व्यवहारात एका शिक्षकाला अनेक वर्गांतील मुलांच्या नोंदी ठराविक मुदतीत करावयाच्या असल्याने तयार वाक्यांच्या याद्या प्रसृत झाल्या, आणि कोणाच्याही नावापुढे शोभेल असे वाक्य कोणाच्याही नावापुढे बसू लागले. हा शिक्षकांचा आळस नव्हे. अशक्य हुकमाचे पालन अशाच रीतीने होत असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आणि त्यात विद्यार्थ्याने केलेले स्वतःचे व सहाध्यायांचे मूल्यमापन अंतर्भूत केले, हेही स्वागतार्ह आहे. परंतु त्या स्वयंमूल्यमापनाचा जर रकान्यांत खुणा करण्याचा आणखी एक तक्ता झाला, तर तयार वाक्यांच्या जागी तयार खुणा येतील. मुलाला स्वतःविषयी आणि आपल्या वर्गाविषयी जे म्हणायचे आहे त्याला कागद लागतो, वेळ लागतो, आणि ते कोणीतरी वाचणार आहे याची खात्री लागते.

शिक्षकांवर आधीच निवडणुकीची कामे, यू-डायसची माहिती आणि प्रत्येक उपक्रमाचे छायाचित्र काढून ते वेळेत पाठवण्याचा तगादा एवढा भार असताना त्यात ही नवी भर कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. म्हणूनच हा वृत्तान्त कोणत्याही पोर्टलवर चढवण्याची सक्ती असू नये, त्याला गुण असू नयेत, त्याची आंतरशालेय स्पर्धा तर मुळीच असू नये. काही मुख्याध्यापकांच्या मनात दुसरीच शंका असेल, आणि ती अधिक नाजूक आहे. मुले खरे लिहू लागली तर मुलींच्या स्वच्छतागृहात दोन महिने पाणी नव्हते हेही लिहितील, इंग्रजीचे तास सप्टेंबरपर्यंत झाले नाहीत हेही लिहितील. लिहू द्यावे. जी संस्था आपल्या विद्यार्थ्याच्या सरळ वाक्याने अस्वस्थ होते तिने त्या अस्वस्थतेची कारणे दूर करण्यास लागावे हे उत्तम. शिक्षकाने अंकुश ठेवावा तो एवढ्यापुरताच, की एखाद्या मुलाच्या घरची गरिबी, घरातले भांडण किंवा आजार त्याच्या संमतीवाचून चारचौघांत मांडला जाऊ नये; आणि शुद्धलेखन तपासताना वाक्य मुलाचेच राहील याची काळजी घ्यावी. शाळांची छापील गुळगुळीत वार्षिके मी अनेक चाळली आहेत. त्यांत मोठ्यांनी सांगितलेला किंवा महाजालावरून उतरवलेला मजकूर ओळखायला वेळ लागत नाही.

हे काम साधेपणानेच करता येईल. जूनमध्ये प्रत्येक तुकडीतून दोघे वृत्तलेखक निवडावेत, त्यांत अभ्यासात मागे समजली जाणारी मुलेही असावीत, आणि त्यांनी महिन्यातून एकदा आपल्या तुकडीची हकीकत वहीत लिहावी. वार्षिक परीक्षा संपल्यावर निकालापर्यंत जे दिवस जातात, ज्यांत पुष्कळ शाळांत मुले येईनाशी होतात, त्या दिवसांत या वह्यांवरून अंक सिद्ध करावा. गुरुजनांनी जवळ बसावे, विचारले तर सांगावे. स्नेहसंमेलनातील अहवालवाचनाचा काही भाग मुख्याध्यापकांनी या मुलांकडे सोपवावा आणि त्यांनी तोवर घडलेल्या गोष्टी स्वतःच्या शब्दांत वाचून दाखवाव्यात. खर्च कागद आणि बांधणी एवढाच आहे. पालक-शिक्षक संघाला तो सहज पेलेल, आणि याकरिता शिक्षण संचालनालयाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.

तयार झालेल्या अंकास ग्रंथालयाच्या दाखलनोंद वहीत क्रमांक मिळावा आणि तो पुढच्या वर्षी मुलांना वाचायला मिळावा. ज्या जुन्या शाळांच्या कपाटांत पूर्वीची हस्तलिखिते अजून शिल्लक आहेत त्यांनी ती आधी बाहेर काढावीत; दमटपणा आणि वाळवी यांच्या तडाख्यातून जेवढी वाचली असतील तेवढ्यांची यादी करावी, इमारतीचे नूतनीकरण करताना किंवा ग्रंथालय हलवताना ती रद्दीत जाऊ देऊ नयेत, आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी जमलेल्या निधीतला काही अंश त्यांच्या प्रतिमा काढून ठेवण्याकडे वळवावा. त्या मेळाव्यास येणाऱ्या साठी-सत्तरीच्या गृहस्थांपैकी आणि स्त्रियांपैकी कित्येकांचे हस्ताक्षर त्या पानांवर आहे, आणि पुसट झालेला मजकूर लावून देण्यास आज तरी ते उपलब्ध आहेत.