विश्लेषण : ‘फॉरईच’च्या एका ओळीतून माहिती कशी गळते?

नोकरभरतीचा अर्ज असो वा ऑनलाइन खरेदी, मोबाइलवर दिसणारे पान बहुधा सर्व्हरवर तयार होते. तिथे ग्राहकाचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, पासवर्डचे सांकेतिक रूप असे सगळे ‘ऑब्जेक्ट’ नावाच्या एका गाठोड्यात असते. त्यातली प्रत्येक गोष्ट क्रमाने बाहेर काढण्यासाठी पीएचपी भाषेत ‘फॉरईच’ आहे. दोन ओळींत काम होते. आक्षेप आहे तो या सोयीलाच.

फॉरईचला काय दिसते?

क्लासच्या बाहेरून चालवला तर फक्त ‘पब्लिक’ गुणधर्म. तोच क्लासच्या आत लिहिला तर ‘प्रायव्हेट’सुद्धा. ओळ तीच, जागा बदलली की उत्तर वेगळे. डेटाबेसमधून थेट आलेल्या साध्या ऑब्जेक्टमध्ये तर प्रत्येक रकाना पब्लिकच असतो. आज पाच रकाने आहेत म्हणून पान ठीक दिसते. सहा महिन्यांनी कोणी तरी तक्त्यात आधार क्रमांकाचा रकाना वाढवतो आणि ‘सिलेक्ट स्टार’च्या कृपेने, पानाच्या कोडला हातही न लावता, तो जगजाहीर होतो.

धोका उलट दिशेनेही आहे. अर्जातून आलेले प्रत्येक मूल्य न तपासता ऑब्जेक्टमध्ये भरण्याची सवय गिटहबला मार्च २०१२ मध्ये भोवली. येगोर होमाकोव्ह या प्रोग्रामरने अर्जात एक जादा रकाना घुसवून स्वतःची की ‘रेल्स’ प्रकल्पाच्या खात्याला जोडली. गिटहब उभे होते तेही रेल्सवरच! पुढे २०१३ च्या रेल्स ४ मध्ये कोणते रकाने स्वीकारायचे ते आधी सांगण्याची पद्धत रूढ झाली.

मग हाताने यादी लिहायची?

होय. नवा रकाना आला की दोन ठिकाणी बदल करावा लागतो, ही प्रोग्रामरांची तक्रार खरी आहे. पण यादीत नाव राहून गेले तर पानावर जागा रिकामी दिसते आणि ग्राहक त्याच दिवशी फोन करतो. नको ते नाव बाहेर गेले तर फोन कोणीच करत नाही. यादी प्रत्येक पानावर लिहायचीही गरज नाही. ‘इटरेटरॲग्रिगेट’ वापरून फॉरईचच्या हाती काय द्यायचे, हे क्लासला स्वतः ठरवता येते. ही सोय पीएचपी ५ पासून, म्हणजे २००४ पासून उपलब्ध आहे.