पाहुण्याचा दृष्टान्त आणि नऊ दिवसांची मुदत

ऑस्ट्रेलियाच्या 1958 च्या स्थलांतर कायद्यातील, गुन्हेगार परकीयाचा व्हिसा रद्द करू देणाऱ्या 501 व्या कलमाचे समर्थन करणारांचा पूर्वपक्ष असा, की परकीय मनुष्य म्हणजे घरी आलेला पाहुणा; त्याने यजमानाच्याच घरी चोरी-मारहाण केली तर त्याला उंबरठ्याबाहेर काढणे हा यजमानाचा अधिकार, आणि अशा इसमाचे अपील ऐकत बसणे हे न्यायाचे नव्हे, भिडस्तपणाचे लक्षण होय. यात मुळीच तथ्य नाही असे माझे म्हणणे नाही. परकीयास घालवून देण्याचा भारत सरकारचा अधिकार आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1955 साली हॅन्स म्युलरच्या खटल्यात अनिर्बंध ठरविला आहे, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या नावाने नाक मुरडण्याआधी आपण थोडे दमानेच घ्यावे.

परंतु दृष्टान्त लंगडा आहे. आईबापांचे बिऱ्हाड ऑस्ट्रेलियात आणि जन्म मात्र स्वीडनमध्ये, असा एक मुलगा 27 दिवसांचा असताना ऑस्ट्रेलियात आला व तेथेच वाढला. पुढे त्याच्या हातून बलात्कारासह अनेक घोर गुन्हे घडले, हे लपविण्याचे कारण नाही. तथापि 2006 साली ज्या देशात त्याची रवानगी झाली तेथील भाषाही त्याला अवगत नव्हती, आणि त्याचा हक्कभंग झाल्याचा अभिप्राय संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2011 साली दिला. पाळण्यात आला तो पाहुणा, तर घरचा कोणास म्हणावे?

‘दाद मागण्याची सोय आहेच’, हा दुसरा आक्षेप. ती सोय पाहू. 2014 च्या दुरुस्तीपासून 12 महिने वा अधिक कैदेची शिक्षा झालेल्या आणि ती तुरुंगात भोगीत असलेल्या परकीयाचा व्हिसा रद्द करणे सक्तीचे झाले. तो हुकूम मागे घ्यावा म्हणून कैफियत देण्यास 28 दिवस. खात्याच्या अंमलदाराने ती फेटाळली तर न्यायाधिकरणाकडे जाण्यास अवघे 9 दिवस, आणि ही मुदत वाढविण्याची मुखत्यारी खुद्द न्यायाधिकरणासही नाही. तेथे 84 दिवसांत निकाल लागला नाही, तर अंमलदाराचा हुकूम कायम झाला असे कायदाच गृहीत धरतो. म्हणजे विलंब कोणाचाही असो, त्याचा भुर्दंड अर्जदाराच्या माथी! मंत्रिमहोदयांनी जातीने निर्णय केला असेल तर गुणदोषांची फेरतपासणी नाहीच. न्यायालयात भांडायचे ते केवळ कायदेशीरपणापुरते.

आमचे म्हणणे गुन्हेगारास अभय द्यावे असे नाही. समाजाची सुरक्षितता, अज्ञान मुलांचे हित, त्या देशाशी जडलेले ऋणानुबंध ही सर्व तराजूत घालावीत असे सरकारचेच निर्देश सांगतात. मग तोलण्यास लागणारे कागद, म्हणजे मानसतज्ज्ञाचा अभिप्राय, मुलांच्या शाळेचे पत्र, तुरुंगातील वर्तणुकीचा दाखला, जमविण्यास अवधी देणे ही दया नव्हे, तोलण्याची पूर्वअट आहे. मेलबर्न-सिडनीकडील मराठी संसारांनाही हा प्रश्न परका नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने वीस-वीस वर्षे राहूनही भारतीय पारपत्र न सोडणारे, आणि ‘पीआर’ (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाला म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढले असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांतील एखाद्याचा मुलगा तुरुंगात असेल आणि खात्याचा नकार त्याच्या हाती शुक्रवारी संध्याकाळी पडला, तर कचेऱ्या बंद असलेले शनिवार-रविवारही त्या नऊ दिवसांतच मोजले जातात.