यार्देनचे पाणी कोणी मोजावे?

पवित्र भूमीच्या यात्रेहून परतलेले कुटुंब भेटीला आले, की बहुधा एक लहानशी बाटली आमच्या मेजावर ठेवली जाते. यार्देनचे पाणी! आम्ही ती आदराने स्वीकारतो. मात्र नदीला पाणी किती होते, असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "फादर, ओढाच म्हणा, आणि तोही गढूळ." पुढे विषय सरकत नाही. एका सुविद्य गृहस्थांनी तर आम्हांला ऐकवले, की यात्रेकरू प्रार्थनेला जातो, पाणी मोजायला नव्हे; पाऊसपाणी देवाच्या हाती. या विचाराशी आमचे भांडण आहे.

जॉर्डनच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भूभागावर वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्या कोकणात जुलैच्या एखाद्या दिवसात तेवढा पडून जातो. दरसाल माणशी ५०० घनमीटरहून कमी पाणी असलेला देश पराकोटीच्या टंचाईचा मानतात. जॉर्डनच्या वाट्याला शंभरही येत नाही. हे झाले निसर्गाचे. पण एके काळी यार्देन वर्षाला सुमारे १३० कोटी घनमीटर पाणी मृत समुद्रात नेत असे. आज त्याचा दहावा हिस्साही तेथे पोहोचत नाही, आणि त्या समुद्राची पातळी दरवर्षी एक मीटरहून अधिक खाली जाते. इस्राएल, सीरिया आणि खुद्द जॉर्डन यांनी ते पाणी वरच्यावर वळवले आहे. माणसांच्या या कृत्याचा बोल आपण देवाला लावावा काय?

१९९४ साली इस्राएल आणि जॉर्डन यांच्यात शांततेचा करार झाला. कोणी कोणाला किती पाणी द्यावे याचे आकडे त्यात आहेत, पाण्याची माहिती परस्परांना द्यावी असेही कलम आहे. दुष्काळ पडल्यास काय करावे, एवढेच त्यात नाही! पाच वर्षांत, १९९९ साली, दुष्काळ पडला. इस्राएलने हात आखडता घेण्याची भाषा केली आणि दोन्ही देशांत तणाव निर्माण झाला. पाऊस कमी मोजला गेला तर वाटणी कशी बदलेल, हे आधी लिहून ठेवायला हवे होते. मोजमाप कागदावर राहिले आणि वाटणीला त्याचे बंधन नसले, तर त्या मोजमापाचा गरिबाला काय उपयोग?

अझराकची कथा याहून कडू आहे. वाळवंटातले ते पाणथळ, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा मुक्काम. तेथील भूजलाचा सुरक्षित उपसा वर्षाला सुमारे २ कोटी ४० लाख घनमीटर ठरवलेला. प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून अधिक उपसले गेले, काही राजधानीसाठी, काही शेतांसाठी, आणि त्यात परवान्याविना खोदलेल्या विहिरीही होत्या. १९९२ मध्ये तेथील झरे आटले. आता त्या पाणथळाचा एक तुकडा बाहेरून पाणी सोडून जगवला जातो. अज्ञानाने हे घडले असे आम्ही मानत नाही. आकडा ठाऊक होता. तो पाळणे कोणाला सोयीचे नव्हते. (वसईच्या वाड्यांतून टँकर भरून जात होते, तेव्हा रोज किती पाणी जाते हे आपल्यापैकी कितीजणांनी लिहून ठेवले? विहिरी मचूळ झाल्यावर मात्र सारेच बोलू लागले.)

कोणी म्हणेल, मोजण्यावर पैसा कशाला दवडावा, समुद्राचे पाणी गोडे करा. तशी योजना आहे : अकाबाहून अम्मानला वर्षाला ३० कोटी घनमीटर. आम्ही तिच्या विरुद्ध नाही. पण आज त्या देशाच्या नळयोजनांतले जवळजवळ निम्मे पाणी गळतीत, चोरीत आणि न वसूल झालेल्या हिशेबात जाते. त्याच नळांत महागडे पाणी ओतायचे, आणि ते कोठे गेले हे विचारायचे नाही?

आणि जेथे पाणी दुर्मीळ, तेथे ते मारतेही. एप्रिल १९६३ मध्ये पेट्राच्या अरुंद घळईत अचानक लोंढा आला आणि वीसहून अधिक फ्रेंच यात्रेकरू बुडाले. त्यांच्यासोबत होते पॅरिसचे धर्मगुरू व बायबलचे अभ्यासक जां स्टाइनमन, तेही गेले. दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोकांनी घळईच्या तोंडाशी बांध घालून पाणी कातळातल्या बोगद्यात वळवले होते. तो बांध पुन्हा उभारायला हे मरण घडावे लागले.

२५ ऑक्टोबर २०१८ रोजी मृत समुद्राजवळच्या ओढ्यात शाळेची सहल सापडली. एकवीसजण दगावले, बहुतेक मुले. सहलीला परवानगी अझराकची होती, हे मागाहून उघड झाले. शिक्षणमंत्री आणि पर्यटनमंत्री यांना पदे सोडावी लागली. पंधरवड्यात, ९ नोव्हेंबरला, पेट्रात पुन्हा लोंढा आला. या वेळी साडेतीन हजारांहून अधिक पर्यटकांना बाहेर काढण्यात आले. आकाश दोन्ही दिवशी तेच होते. पहिल्या दिवशी मुलांना ओढ्यात उतरण्यापासून अडवणारा कोणी नव्हता.

पाऊस देवाच्या हाती म्हणणाऱ्यांना आम्ही एलियाची आठवण देतो, जो यार्देनपलीकडच्या गिलादाचाच. कर्मेलवर त्याने प्रार्थना केली, आणि सेवकाला समुद्राकडे पाहायला सात वेळा पाठवलेही.

तेव्हा पुढच्या यात्रेची नावनोंदणी करताना आयोजकाला दोन प्रश्न विचारा. पेट्राला जाण्याच्या दिवशी पावसाचा अंदाज कोण पाहणार, आणि धोका असल्यास सहल रद्द करण्याचा अधिकार कोणाला? पैसे भरण्यापूर्वी उत्तर लेखी घ्या. आणि यार्देनच्या काठी उभे राहिलात, की तेथल्या मार्गदर्शकाला विचारा, यंदा नदीला किती पाणी आले. बाटलीबरोबर तो आकडाही आम्हांला आणून द्या.