विश्लेषण : ‘लिव्हिंग विल’ म्हणजे काय? ते असूनही आयसीयूच्या दारात निर्णय का अडतो?

रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे. सुधारणेची आशा नाही, असे डॉक्टर सांगतात. उपचार सुरू ठेवायचे की थांबवायचे, हा प्रश्न नातेवाइकांपुढे येतो. एक मुलगा म्हणतो, ‘बाबांना हे असं नको होतं’. दुसरा म्हणतो, ‘आपण असे हात कसे वर करायचे?’ ज्याच्या आयुष्याचा हा निर्णय आहे, तो मात्र बोलू शकत नाही. त्याचे म्हणणे आधीच लिहून ठेवण्याची सोय म्हणजे ‘लिव्हिंग विल’. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. तरीही फारच थोड्या घरांत ते केलेले आढळते.

इच्छामरण आणि उपचार थांबवणे यात फरक काय?

इंजेक्शन देऊन किंवा अन्य कृतीने मृत्यू घडवून आणणे म्हणजे सक्रिय इच्छामरण. भारतात तो गुन्हा आहे. रुग्णाने संमती दिली असली तरीही. नेदरलँड्स, बेल्जियम, कॅनडा या देशांत कठोर अटींसह त्याला परवानगी आहे. भारतात परवानगी आहे ती निष्क्रिय इच्छामरणाला. म्हणजे, बरे होण्याची शक्यता नसलेल्या रुग्णावरील कृत्रिम जीवरक्षक उपचार सुरू न करणे किंवा सुरू असलेले काढून घेणे. यात मृत्यू मूळ आजाराने होतो. वेदना कमी करणारे उपचार आणि शुश्रूषा शेवटपर्यंत सुरूच ठेवायची असते.

‘ब्रेन डेड’ ही यापेक्षा वेगळी स्थिती आहे. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यात मेंदूमृत्यूची व्याख्या आहे. येथे प्रश्न आहे तो जिवंत, पण बरे होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णाचा.

हा अधिकार कुठून आला?

या चर्चेची सुरुवात मुंबईतून झाली. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला. त्यानंतर सुमारे ४२ वर्षे त्या अचेतनावस्थेत होत्या. त्यांचे कृत्रिम पोषण थांबवावे, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. मात्र वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांनी त्याला विरोध केला. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. पण त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय इच्छामरणाचा मार्ग खुला केला. शानबाग यांचे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन झाले.

पुढे ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. संसदेने स्वतंत्र कायदा करेपर्यंत न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वेच लागू राहणार आहेत.

२०२३ मध्ये काय बदलले?

२०१८ची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती प्रत्यक्षात वापरणे जवळपास अशक्य होते. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागे. उपचार थांबवण्याआधीही न्यायदंडाधिकाऱ्यांना रुग्णालयात यावे लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने हे नियम शिथिल केले. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढील साक्षांकन पुरते. न्यायदंडाधिकाऱ्यांना रुग्णालयाने फक्त कळवायचे असते. मंडळांवरील तज्ज्ञांसाठी २० वर्षांच्या अनुभवाची अट पाच वर्षांवर आली.

लिव्हिंग विल कसे करायचे?

- करणारी व्यक्ती सज्ञान आणि निर्णयक्षम हवी, दबाव नसावा.
- कोणते उपचार, कोणत्या स्थितीत नकोत, हे स्पष्ट लिहावे.
- आपल्या वतीने बोलणाऱ्या एक किंवा अधिक जवळच्या व्यक्तींची नावे द्यावीत.
- दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यावे.
- प्रत कुटुंबीय, फॅमिली डॉक्टर आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे कस्टोडियनकडे द्यावी.

हे मालमत्तेचे मृत्युपत्र नव्हे. ते व्यक्ती हयात असतानाच, पण तिची निर्णयक्षमता गेल्यावर लागू होते. मन बदलल्यास ते केव्हाही लेखी रद्द करता येते.

प्रत्यक्ष वेळ आल्यावर निर्णय कोण घेते?

आधी रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ : उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ. त्यानंतर दुय्यम मंडळ : मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि दोन वेगळे तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे अपेक्षित आहे. मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालयात जाता येते. लिव्हिंग विल नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच प्रक्रिया करता येते.

महाराष्ट्र आणि गोव्यात काय झाले?

मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे लिव्हिंग विल केले, तेव्हा ते जमा कुणाकडे करायचे हाच प्रश्न निर्माण झाला. त्यांच्या पाठपुराव्यानंतर आणि उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर राज्यात कस्टोडियन नेमले जाऊ लागले. गोव्यात मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी आपले लिव्हिंग विल केले. त्या राज्यातील ते पहिले ठरले.

मग अडते कुठे?

दुय्यम मंडळासाठी डॉक्टर वेळेत नेमला गेला नाही, तर प्रक्रिया तिथेच थांबते. गुन्हा दाखल होण्याची भीती डॉक्टरांना असते. त्यामुळे अनेकदा कागदोपत्री निर्णय होतच नाही. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ अशा कागदावर सही करून नातेवाईक रुग्णाला घरी नेतात. तिथे ना ऑक्सिजन असतो, ना वेदनाशामक.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. आयसीयूचे बिल खिशातून भरणाऱ्या कुटुंबाचा ‘थांबवा’ हा निर्णय रुग्णाच्या हितासाठी की पैसे संपले म्हणून, हे कसे ओळखायचे? वृद्धांवर ‘ओझे होऊ नका’ असा न बोललेला दबाव येणार नाही का? दोन मंडळांची चाळणी यासाठीच आहे. पण ती पुरेशी नाही. वेदनाशमन आणि उपशामक सेवा जवळच्या सरकारी रुग्णालयात मिळाली नाही, तर गरिबासाठी ‘सन्मानाने मृत्यू’ म्हणजे उपचाराविना मृत्यूच ठरू शकतो.

यातील व्यवस्थेचा भाग सरकारच्या हाती आहे. घरात आधीच बोलणे आणि ते लिहून ठेवणे मात्र कुटुंबाच्या हाती आहे. तो कागद असला तर आयसीयूच्या दारात दोन भावांना ‘बाबांना काय हवं होतं’ यावर भांडावे लागणार नाही.