गुन्हा कोणी केला आणि का केला

गेल्या शनिवारी दादाचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा फोन. "अरे, पोरीला क्रिमिनॉलॉजीत मास्टर्स करायचंय म्हणे! सायकॉलॉजीत बीए झालंय, आता एमबीए कर म्हटलं तर ऐकत नाही. तू जरा समजाव."

मी आयटीत असल्याने करिअर या विषयात माझा शब्द प्रमाण मानायची आमच्या खानदानात पद्धत आहे. असो.

रविवारी भेटलो आणि सुरुवातच चुकली. "सीआयडी बघून डोक्यात आलं का गं हे?"

"काका, ते फॉरेन्सिक. गुन्हा कोणी केला ते शोधायचं. मला गुन्हा का होतो आणि त्यावर आपण जे करतो त्याचा उपयोग होतो का, ते शिकायचंय."

मग तिने आकडे दाखवले. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवरचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता! जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत राहिलेलेही त्यात आलेच.

आकडे म्हटल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. खोदत गेलो तर कळलं की एका एफआयआरमध्ये खून आणि चोरी दोन्ही असेल तर राष्ट्रीय आकडेवारीत फक्त खून मोजतात, कारण तो मोठा गुन्हा. शिवाय पोलिसांनी तक्रारी नीट नोंदवल्या की कागदावर गुन्हे 'वाढतात'. बातम्यांमधले आलेख आपण कसे वाचतो, विचार करा..

आणि हे नुसतं आकड्यांचं प्रकरण नाही. १८७१ साली ब्रिटिशांनी कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. पुढे सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं. १९५२ मध्ये कायदा गेला, पण शिक्का अजून गेलेला नाही. पारध्यांना विचारा.

आम्हीही काही वेगळं केलं नाही. लॉस एंजेलिसचे पोलीस जुन्या नोंदींवरून 'पुढचा गुन्हा कुठे' सांगणारं सॉफ्टवेअर वापरायचे. त्याच त्या वस्त्यांवर पुन्हा पुन्हा पोलीस जातात अशी टीका झाली. २०२० मध्ये खर्चाचं कारण देऊन ते बंद केलं. कोड लिहिणाऱ्यांच्या शेजारी या विषयातलं एखादं माणूस बसलेलं असतं तर?

आता दादाची बाजू. त्याची काळजी खोटी नाही. 'क्रिमिनॉलॉजिस्ट पाहिजेत' अशा जाहिराती कुठे दिसतात? कामं मिळतात ती संस्थांमध्ये, बालन्याय व्यवस्थेत, संशोधनात, नाहीतर कंपन्यांच्या फ्रॉड विभागात. पहिल्या तीन ठिकाणी पगार बेताचाच. म्हणून तिला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, स्टॅटिस्टिक्स पक्कं कर. दोन, प्रवेश घेण्याआधी फील्डवर्क कुठे असतं ते विचार. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतोय, तशी जागा बघ. नुसत्या वर्गात बसून हा विषय कळायचा नाही.

दादाला अजून फोन केलेला नाही. आज रात्री करणार आहे. "तिला जाऊ दे, आणि नंतरची दोन-तीन वर्षं घरातून पैसे द्यायची तयारी ठेव," असं स्पष्ट सांगणार आहे. चिडणार, हे नक्की. पण एमबीएची फी भरायला तो तयार होताच की!