निजलेल्या संगणकाची राखण

वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील आयआयटीत २०१९ साली ‘परम शिवाय’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. तो सी-डॅक या पुण्यात मुख्यालय असलेल्या संस्थेने उभारला. अशा महासंगणकावर सोपविलेले गणित रांगेत लागून आपले आपण चालते. ते सोपविणाऱ्या मेजावरच्या संगणकाने त्यासाठी रात्रभर जागून विजेचे बिल वाढवावे, याला अर्थ नाही.

त्याला निजविण्यास छोटी स्क्रिप्ट पुरते. मात्र आज्ञेपूर्वी चौकशी हवी. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी /ए’ या आज्ञेने यंत्राला कोणत्या निद्रावस्था उपलब्ध आहेत हे कळते. ही पायरी गाळणाऱ्या स्क्रिप्टवर विसंबणे धाडसाचेच.

नेहमीच्या, म्हणजे एस-३ निद्रेत मेमरीला किंचित वीज लागते; ती गेली, की जतन न केलेले कामही गेले. एस-४ अर्थात हायबरनेटमध्ये मेमरीतील सारे डिस्कवर उतरते. जाग यायला वेळ अधिक लागतो खरा, परंतु जेथे वीज अवचित जाते (आणि उन्हाळ्यात ती कोठे जात नाही?), तेथे प्रबंध उघडा ठेवून उठणाऱ्याने एस-४ चीच निवड करावी. बॅकअप चालू असल्यास थांबण्याचे मात्र स्क्रिप्टला निराळे शिकवावे लागते.